'कक्कूस' : मलकुंडातील मरण आणि आपण





स्मरणिकेच्या संपादकीयात वर्षभराच्या कार्याचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे ऋण व्यक्त करावे आणि परीक्षांत यश मिळविणाऱ्या मुलामुलींचे कौतुक करावे, असा आपला आजवरचा प्रघात आहे. यंदा आढावा चिटणीसांच्या अहवालात सविस्तर आला आहे, आभार कोषाध्यक्षांनी मानले आहेत आणि मुलांची छायाचित्रे पुढील पानांवर आहेतच. त्यामुळे ही पाने एकाच विषयाला देण्याची मोकळीक मी घेतली आहे. यंदाच्या भीमजयंतीला सायंकाळच्या सत्रात आपण 'कक्कूस' हा तमिळ अनुबोधपट दाखविला. त्यावरची चर्चा सभागृहात संपली नाही. ती दूरध्वनीवर, एकमेकांच्या घरच्या जेवणावळीत आणि कार्यकारिणीच्या दोन बैठकांत चालूच राहिली. काही कुटुंबे चित्रपट अर्ध्यावर सोडून उठली होती. त्यांचा राग अजून पुरता निवळलेला नाही, हे मला ठाऊक आहे. त्या रागाविषयी आणि त्या चित्रपटाविषयी स्पष्टपणे लिहिणे मी आवश्यक समजतो.

'कक्कूस' म्हणजे शौचकूप. हा शब्द तमिळमध्ये डच व्यापाऱ्यांच्या भाषेतून आला, असे भाषातज्ज्ञ सांगतात. दिव्या भारती या तरुण कार्यकर्तीने हा अनुबोधपट काढला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत तो प्रकाशात आला. २०१५ साली मदुराईत मैल्याच्या टाकीत उतरलेल्या कामगारांचा मृत्यू झाला. त्या प्रेतांच्या साक्षीने या कामाला आरंभ झाला. एम. पलनी कुमार या छायाचित्रकाराने कॅमेरा सांभाळला. सरकार कागदोपत्री 'हे काम आता अस्तित्वातच नाही' असे सांगत असताना ही मंडळी तमिळनाडूच्या जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडली आणि ते काम करणाऱ्या माणसांपुढे कॅमेरा घेऊन उभी राहिली. भल्या पहाटे रस्त्याकडेची विष्ठा झाडू आणि पत्र्याने गोळा करणाऱ्या स्त्रिया, सार्वजनिक शौचालये हातांनी धुणारे कामगार, टाकीत मेलेल्यांच्या विधवा आणि आया या पडद्यावर एकामागून एक येतात आणि स्वतःच्या शब्दांत बोलतात. कामगारांपैकी बहुसंख्य दलित आहेत, त्यातही अरुंधतियार या सर्वांत तळाच्या जातीचे. सुमारे पावणेदोन तास प्रेक्षकाला मान वळविण्याची सवलत दिग्दर्शिका देत नाही. दृश्ये किळसवाणी आहेत, हा आक्षेप खरा आहे. पण प्रेक्षकाला जे पावणेदोन तास पाहवत नाही, ते त्या बाया रोज उठून करतात, एवढे ध्यानात घेतले म्हणजे दिग्दर्शिकेचा हट्ट समजू लागतो.

चित्रपटाच्या जाहीर खेळांना तमिळनाडूत पोलिसांनी ठिकठिकाणी मज्जाव केला. तेव्हा तो यूट्यूबवर सर्वांसाठी खुला करण्यात आला. जुलै २०१७ मध्ये दिव्या भारती यांना २००९ मधील एका जुन्या विद्यार्थी आंदोलनाच्या खटल्यात अटक झाली व नंतर जामीन मिळाला. त्यापाठोपाठ धमक्यांचे सत्र सुरू झाले. त्यांतील बऱ्याच धमक्या सवर्णांकडून नव्हे, तर दलितांतीलच एका जातीच्या पक्षाच्या समर्थकांकडून आल्या. आमच्या जातीचे नाव या घाणकामाशी जोडलेच कसे, हा त्यांचा प्रश्न होता. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या विषयावरील हा पहिलाच अनुबोधपट नव्हे. के. स्टॅलिन यांनी १९९८ साली गुजरातमधील भंगी समाजावर 'लेसर ह्यूमन्स' काढला होता. मराठीत अतुल पेठे यांनी पुण्याच्या सफाई कामगारांवर 'कचराकोंडी' केला, आणि पुढे २०१२ साली त्याच महापालिकेच्या सफाई कामगारांना रंगमंचावर उभे करून गो. पु. देशपांडे यांचे जोतीराव फुल्यांवरील 'सत्यशोधक' नाटक बसविले. आनंद पटवर्धन यांचा २०११ चा 'जयभीम कॉम्रेड' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. रमाबाई नगरातील ११ जुलै १९९७ चा गोळीबार आणि शाहीर विलास घोगरे यांचा अंत आपण त्यातून लक्षात ठेवतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ चा कथापट आहे, अनुबोधपट नव्हे. पण त्यातील मॅनहोल कामगाराच्या विधवेची साक्ष ज्यांनी ऐकली असेल ते ती विसरणार नाहीत. तिचा नवरा गटारात उतरण्यापूर्वी आत खडा टाकून पाही. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजून तो उतरे. चंद्रावर यान पाठविणाऱ्या देशात वायुमापनाचे यंत्र म्हणून झुरळाचा उपयोग होतो!

आता एक वैद्य म्हणून काही सांगणे माझे कर्तव्य आहे. चित्रपट संपल्यावर मला सर्वांत अधिक प्रश्न याविषयीच विचारले गेले. मलकुंडात, म्हणजे ज्याला सगळे सेप्टिक टँक म्हणतात त्यात, किंवा गटारात माणूस मेला की नातेवाईक, पोलीस आणि वर्तमानपत्रे 'गॅस लागून मृत्यू' असे सांगतात. जणू वीज पडावी तसा तो गॅस आकाशातून आला! प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. बंद टाकीत मैला कुजू लागला की जिवाणू आतला प्राणवायू संपवून टाकतात. त्यानंतर प्राणवायूवाचून जी कुजण्याची क्रिया चालते तीतून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. यांतील शेवटचा हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. पुष्कळसा वायू गाळात आणि वरच्या घट्ट सायीखाली कोंडून राहतो. झाकण तासभर उघडे ठेवले तरी तो तेथेच असतो. माणूस आत उतरला, त्याने बांबूने गाळ ढवळला किंवा पायाने साय फोडली, की सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा तो एकदम बाहेर पडतो.

हायड्रोजन सल्फाइडचा एक कपटी गुण आहे. अल्प प्रमाणात त्याला कुजक्या अंड्याची दुर्गंधी येते, त्यामुळे माणूस सावध होतो. पण हवेच्या दशलक्ष भागांत या वायूचे सुमारे शंभर भाग झाले की घ्राणेंद्रियच बधिर होते आणि दुर्गंधी नाहीशी झाल्याचा भास होतो. आत उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, आता भीती नाही. प्रमाण सातशे ते हजार भागांपर्यंत गेले की चार-दोन श्वासांत शुद्ध हरपते. हा वायू शरीरातील पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. त्याची क्रिया सायनाइडसारखी आहे. बेशुद्ध माणूस त्याच गाळात तोंडघशी पडतो आणि गाळ त्याच्या फुप्फुसात शिरतो. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत एक खूण दिलेली असते. अशा मृताच्या खिशातील नाणी कधी कधी काळवंडलेली सापडतात. दिवसभराच्या चहाविडीसाठी ठेवलेली ती चिल्लर मृत्यूचे कारण सांगते.

मग दुसरा उतरतो. वरून हाका मारून उत्तर येत नाही, म्हणून भाऊ, मेहुणा किंवा जोडीदार जीव धोक्यात घालून खाली जातो. त्याच्यामागून तिसरा. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागांतील मृत्यूंविषयी इशारा दिला, त्यात मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले होते असे नमूद केले आहे. भारतात एकाच टाकीत तीन-तीन, चार-चार प्रेते का सापडतात याचे उत्तर तेथे आहे.

तोंडाला फडके बांधून, किंवा मंत्रिमहोदयांच्या हस्ते समारंभपूर्वक वाटलेले हातमोजे, गमबूट आणि कापडी मुखवटे घालून यांतले काहीही टळत नाही. हवेत प्राणवायूच नसेल तर ती गाळून घेऊन काय उपयोग? काडी पेटवून आत टाकण्याचा जुना उपाय तर मिथेनमुळे स्फोटच घडवू शकतो. खरा उपाय असा की माणूस उतरूच नये. शोषण-यंत्राने गाळ बाहेर काढावा. केरळातील तरुण अभियंत्यांनी २०१८ पासून मॅनहोल साफ करणारे 'बँडिकूट' नावाचे यंत्रही वापरात आणले आहे. क्वचित उतरणे अपरिहार्यच असेल तर त्याची रीत जगाला ठाऊक आहे. आपण राहतो त्या अमेरिकेत १९९३ साली बंदिस्त जागांत काम करण्याचा नियम लागू झाला. आत जाण्यापूर्वी हातात मावणाऱ्या उपकरणाने प्रथम प्राणवायू, मग ज्वालाग्राही वायू आणि मग विषारी वायू मोजावयाचा. प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांहून कमी असेल तर ती हवा घातक समजावयाची. पंख्याने हवा खेळती ठेवावयाची. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि वर तिपाईला दोर, म्हणजे शुद्ध हरपली तरी वरच्यावर ओढून काढता येईल. एक माणूस सतत तोंडाशी उभा, आणि त्याने कोणत्याही परिस्थितीत स्वतः आत उडी घ्यावयाची नाही. यात रॉकेटविद्या काही नाही. येथेही नियम मोडले जातात आणि माणसे मरतात. मरणारा बहुधा गरीब किंवा नुकता आलेला परदेशी असतो. पण मेल्यावर मालकाला जाब विचारला जातो.

भारतानेही त्याच १९९३ साली कायदा केला! मैला वाहण्यासाठी माणसे नेमण्यास आणि कोरडे संडास बांधण्यास मनाई करणारा तो कायदा होता. तो पाळला गेला नाही म्हणून २०१३ साली दुसरा कायदा झाला, आणि तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. गटारात वा मलकुंडात धोकादायक रीतीने माणूस उतरविल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. शिक्षा झाल्याची उदाहरणे मात्र अत्यंत विरळा. कायद्याच्या व्याख्येतच एक पळवाट ठेवलेली आहे. सरकारने ठरविलेली साधने आणि संरक्षक साहित्य वापरून मैला साफ करणारा माणूस 'हाताने मैला साफ करणारा' समजला जात नाही. म्हणजे मोजे दिले की व्याख्या बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर, १९९३ पासून गटारांत मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसे उतरविण्याची प्रथा बंद करण्यास बजावले. या लढ्यामागे बेझवाडा विल्सन यांच्यासारख्या, सफाई कामगाराच्याच घरात जन्मलेल्या कार्यकर्त्याची अनेक वर्षांची पायपीट आहे. २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्यासाठी मिळाला.

आणि तरीही जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारने उत्तर दिले की, हाताने मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात मेलेले वेगळ्या रकान्यात मोजले जातात, हा त्यातला खुलासा. उत्तर देणारे सामाजिक न्याय राज्यमंत्री श्री. रामदास आठवले आपल्याच चळवळीतून, पँथरच्या मुशीतून घडलेले. राष्ट्रीय सफाई कर्मचारी आयोगाच्या नोंदींत १९९३ पासून गटारांत आणि टाक्यांत मेलेल्यांची संख्या हजाराहून अधिक आहे आणि राज्यवार यादीत तमिळनाडू अग्रस्थानी आहे. २०२४ मध्ये सरकारनेच गटारे व टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंदणी केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. धंदा जातीवर आधारलेला नाही असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

येथे कोणी म्हणेल की हा तमिळनाडूतल्या अरुंधतियारांचा किंवा उत्तरेकडील वाल्मीकींचा प्रश्न आहे, आपला काय संबंध? एका आयुष्मतींनी कार्यकारिणीत नेमके हेच सांगितले. "डॉक्टरसाहेब, आमच्या वाडवडिलांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं ते बाबासाहेबांच्या शब्दावर. मुलांना आम्ही सांगतो, आपण बौद्ध आहोत, ताठ मानेनं जगा. मग हा नरक त्यांना कशाला दाखवायचा? उद्या शाळेत कोणी विचारलं, तुम्ही तेच का, तर पोरानं काय सांगायचं?" या माउलीच्या बोलण्यात आडपडदा नव्हता आणि तिची भीती खोटी नाही. या देशात २०२० नंतर जातिभेदाचे खटले उभे राहिले. सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. कॅलिफोर्नियातील तशाच विधेयकावर त्याच वर्षी राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. जात येथपर्यंत पोहोचली आहे याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना कार्यालयात आला आहे. मुलाच्या अंगावर तो शिक्का बसू नये, असे कोणत्या आईला वाटणार नाही?

परंतु वस्तुस्थिती काय आहे? मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारा, गाडीवर चढून तो खाली करणारा कामगार कोण आहे? सुधारक ओलवे या आपल्याच समाजातील छायाचित्रकाराने वर्षानुवर्षे या कामगारांची छायाचित्रे घेतली. त्यांच्या घरांतील भिंतींवर कोणाच्या तसबिरी आहेत ते पाहावे. त्या भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर भागांतून मुंबईला लोटले गेलेले आपले कितीतरी आप्त या खात्यात लागले. धर्मांतर झाले, पंचशील झाले, पण हजेरीच्या चौकीवर मुकादमाने हातात दिला तो झाडूच. त्यांच्याच पुढच्या पिढीला कंत्राटदारांनी गाठले. वीस किंवा अधिक कामगार असतील तर कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा तेव्हा लागू होत असे, म्हणून वीसपेक्षा कमी माणसांच्या तुकड्या पाडून कंत्राटे दिली गेली. कामगाराला कामगार न म्हणता 'स्वयंसेवक' म्हटले, पगाराला 'मानधन'. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही चलाखी न्यायालयात उघडी पाडली आणि २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. ही बातमी आपल्या किती जणांनी वाचली? सिएटलचा ठराव मात्र आपण एकमेकांना दहादा पाठविला.

लाड-पागे समितीच्या शिफारशींविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्यातला पेच बाहेरच्यांना कळत नाही. या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. हा हक्क कामगारांनी झगडून राखला आहे आणि त्याची बाजू मी घेईन, कारण मुंबईत त्या नोकरीबरोबर महापालिकेच्या वसाहतीतील खोली असते. बाप मेला आणि मुलाने झाडू हातात घेतला नाही, तर आईला खोली सोडावी लागते. मुलगा पदवीधर असला तरी तो बापाच्या जागी उभा राहतो. मनुस्मृती दहन करून शंभर वर्षे होत आली तरी बापाचा धंदा मुलाला लावून देणारी अशी बिनतोड योजना एकविसाव्या शतकात चालू आहे, आणि तीच त्या घराचा एकमेव आधारही आहे.

बाबासाहेबांना हा पेच पुरता ठाऊक होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात त्यांनी विचारले होते की, कापडखात्यात अस्पृश्यांना प्रवेश का नाही? तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, अस्पृश्याची थुंकी लागली तर इतर कामगार बाटतात, हे त्याचे कारण होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांसमोर बोलताना त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. मुंबईच्या महापालिकेतील अस्पृश्य कामगारांसाठी म्युनिसिपल कामगार संघ त्यांच्याच नेतृत्वाखाली उभा राहिला. भंगीकाम ही उदात्त सेवा आहे, असे म्हणणाऱ्यांवर १९४५ च्या ग्रंथात त्यांनी घणाघाती टीका केली. आणि श्रेणीबद्ध विषमतेचे जे विवेचन त्यांनी केले, त्यात आपल्या बैठकीतील वादाचे उत्तर आहे. वरच्याने लाथ मारली म्हणून पायरीवरचा माणूस चिडतो, पण आपल्या खाली अजून एक पायरी आहे याचे समाधानही त्याला हवे असते. 'कक्कूस'विरुद्ध धमक्या देणारी तमिळ दलित मंडळी आणि चित्रपट अर्ध्यावर सोडणारी आपली मंडळी यांत मी तुलना करीत नाही, कारण आपल्यापैकी कोणी कोणाला धमकावले नाही. पण 'आमचे नाव त्यांच्याबरोबर घेऊ नका' हे वाक्य तमिळमध्ये आणि मराठीत सारखेच ऐकू येते.

थेरगाथेत सुनीत स्थविरांची गाथा आहे. वाळलेली फुले आणि केर झाडून पोट भरणारा तो पुक्कुस. भगवंतांनी त्याला रस्त्यातच 'ये भिक्खू' म्हणून संघात घेतले. आपल्या बालसंस्कार वर्गात अंगुलिमालाची गोष्ट दरवर्षी सांगितली जाते, सुनीताची मी अद्याप ऐकलेली नाही.

मुलांविषयीच्या भीतीचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर या देशाच्या इतिहासात सापडते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिस शहरात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीतील दाबयंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कामगारांनी संप केला आणि 'मी माणूस आहे' अशा अर्थाचे फलक गळ्यात अडकवून ते रस्त्यावर उतरले. त्या संपाला पाठिंबा द्यायला गेलेले मार्टिन ल्यूथर किंग तेथेच ४ एप्रिल रोजी मारले गेले. १९९३ साली या संपावर 'ॲट द रिव्हर आय स्टँड' हा अनुबोधपट निघाला. कचरा उचलणाऱ्यांच्या त्या लढ्याचा येथील कृष्णवर्णीयांना अभिमान वाटतो, आणि आपली मुलेही तो शाळेत शिकतात. जयंतीच्या सायंकाळी चित्रपट संपल्यावर पहिला प्रश्न पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीने विचारला होता. त्या टाकीत मोजण्याचे यंत्र का नव्हते, ते केवढ्याला मिळते? तिला लाज वाटलेली मला दिसली नाही, हिशेब पडलेला दिसला. असे यंत्र काही शे डॉलरांना मिळते, असे मी तिला सांगितले. जयंतीच्या भोजनाचा खर्च त्याच्या कितीतरी पट अधिक असतो, हे तिने स्वतःच ताडले असावे.

यंत्रे विकत घेऊन पाठवावीत, अशी सूचना आली आहे. तिचा हेतू चांगला आहे, पण मी तिच्या बाजूने नाही. महापालिका आणि घरमालक यांचे कायदेशीर कर्तव्य आपण देणगीने भागविले तर कंत्राटदार तेवढाच मोकळा होईल. मृतांच्या कुटुंबांना मिळावयाचे तीस लाख रुपये वर्षानुवर्षे अडकतात. पंचनाम्यात नोकरीचा उल्लेख नाही, कंत्राटदाराने 'हा माणूस आमचा नव्हेच' असे लिहून दिले, मृताच्या नावात एक अक्षर चुकले, अशी त्याची कारणे असतात. तेथे वकील लागतो आणि शवचिकित्सेचा अहवाल वाचून दाखविणारा डॉक्टर लागतो. आपल्या संस्थेत डॉक्टर आहेत आणि वकीलही आहेत. असे अहवाल विनामूल्य वाचून मत लिहून देण्याची तयारी सहा डॉक्टरांनी दर्शविली आहे. त्यांची नावे चिटणीसांकडे आहेत. भारतात या क्षेत्रात काम करणाऱ्या संघटनांना ती कळविण्यात येतील.

दुसरी गोष्ट आपल्याच घरातली आहे. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात पहिल्यापासून 'धर्म : बौद्ध' असा रकाना आहे आणि त्यासोबत दाखला मागितला जातो. संस्था स्थापन झाली तेव्हा त्याला कारण होते. धर्मांतरितांना केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत नाकारल्या गेल्या, आणि आपल्या मुलांचे दुसरे कोणीही नव्हते. आज त्या रकान्यामुळे गटारात बाप गमावलेल्या वाल्मीकी, मेहतर, रुखी किंवा मातंग मुलाचा अर्ज आपल्या कारकुनाला फाईलमध्येच मिटवावा लागतो. गतवर्षी असे तीन अर्ज आले. तीनही मुलांनी आपल्या निबंधात बाबासाहेबांविषयी लिहिले होते. तो रकाना काढून टाकावा, आणि सफाई काम करताना मृत्यू पावलेल्यांच्या मुलांसाठी दरवर्षी किमान पाच शिष्यवृत्त्या धर्म अथवा पोटजात न विचारता राखून ठेवाव्यात, असा ठराव कार्यकारिणीत चार विरुद्ध तीन मतांनी संमत झाला आहे. घटनेनुसार त्याला सर्वसाधारण सभेची दोन-तृतीयांश मान्यता लागते. विरोधी मत देणाऱ्या तीनही सदस्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत याच अंकात पुढे छापले आहे. ते अवश्य वाचावे. त्यांची एक शंका रास्त आहे, ती निधीची. पाच शिष्यवृत्त्या वाढविल्या तर चालू वर्षी वार्षिक स्नेहभोजन साधे ठेवावे लागेल. कोषाध्यक्षांनी दोन्ही अंदाजपत्रके तयार ठेवली आहेत. सभा धम्मचक्र प्रवर्तनदिनाच्या कार्यक्रमानंतर त्याच सभागृहात दुपारी तीन वाजता भरेल. मतदानाचा हक्क अठरा वर्षांवरील प्रत्येक सभासदाला आहे, म्हणून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनाही सोबत आणावे.